नाव खोडण्याआधी विचारा



रेशनकार्ड असो, मतदार यादी असो की सातबारा असो, आपला हक्क शेवटी कोणत्या तरी वहीतल्या एका ओळीवर उभा असतो. ओळ बरोबर असली तर तिची आठवणही होत नाही. ती जुनी झाली, चुकीची लागली किंवा कोणी परस्पर खोडली, की मग कचेरीच्या पायऱ्या चढून चपला झिजतात. रजिस्टरे सांभाळणे हा माझा रोजचा धंदा. म्हणून आज अशाच एका रजिस्टराची हकीकत सांगणार आहे. ते कागदाचे नाही, संगणकातले आहे. सरकारचे नाही, हौशी माणसांनी आपसात चालवलेले आहे. आणि त्यात जगभरच्या रेडिओवाल्यांचे पत्ते लिहिलेले आहेत. विषय नवा वाटेल, पण वाचत जा. आपल्या ओळखीच्या पुष्कळ गोष्टी त्यात भेटतील.

हॅम म्हणजे कोण?

हौशी रेडिओ चालवणाऱ्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात. हा माणूस आकाशवाणीसारखे कार्यक्रम करीत नाही आणि या कामाचे पैसेही घेत नाही. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा, घराच्या गच्चीवर एरियल उभारायचे आणि दूरदूरच्या हॅमशी निरोपांची देवाणघेवाण करायची, हा त्याचा छंद. आपल्याकडे हा परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून मिळतो. परवान्याबरोबर प्रत्येकाला अक्षरे आणि आकडा मिळून एक सांकेतिक नाव मिळते. त्याला ‘कॉलसाइन’ म्हणतात. भारतातील हॅमचे कॉलसाइन ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. रेडिओवर कॉलसाइन सांगितले की पुरे. हुद्दा आणि पगार तेथे कोणी विचारत नाही.

छंद असला तरी तो पोकळ नाही. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूकंप झाला आणि भुजकडचे टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळी आपली यंत्रे घेऊन तेथे गेली आणि निरोप पोचवू लागली. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, त्या वेळी भारती प्रसाद या हॅम भगिनी आपल्या सोबत्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओ घेऊन गेलेल्या होत्या. संपर्काची साधने कोलमडली असताना या मंडळींनी रेडिओवरून लोकांच्या खुशालीचे निरोप बाहेर पोचवले. सांगायचे एवढेच, की हा माणूस संकटात कामाला येणारा असतो. गरज लागली तेव्हा तो यादीत सापडला पाहिजे.

४४ आकड्याची वस्ती

पूर्वी हॅम मोर्सच्या कळीवर टकटक करून किंवा माइकवर बोलून निरोप देत. १९८० च्या सुमारास त्यांनी संगणक रेडिओला जोडला. मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा जणू एका पाकिटात घालायचा आणि ते पाकीट हवेतून पाठवायचे, या पद्धतीला ‘पॅकेट रेडिओ’ म्हणतात. पण पाकीट टपालाचे असो की रेडिओचे, त्यावर पत्ता लागतोच. संगणकांचा पत्ता आकड्यांत असतो. चार आकडे आणि मध्ये टिंबे. इंटरनेट अगदी बाल्यावस्थेत होते तेव्हा अमेरिकेतील हँक मॅग्नस्की या हॅमने हौशी रेडिओसाठी असे पत्ते मागून घेतले. १९८१ साली ४४ या आकड्याने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते हौशी रेडिओच्या नावे लागले. किती? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६! या जातीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी होऊ शकतात. त्याचा हा बरोबर २५६ वा हिस्सा. या वस्तीला ‘एएमपीआरनेट’ किंवा नुसते ‘४४ नेट’ म्हणतात.

त्या वेळी हे कोणाला घबाड वाटले नाही. पत्ते फुकट होते आणि संगणक मोजके होते. पुढे इंटरनेट घरोघरी पोचले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले या जातीचे शेवटचे मोकळे पत्ते वाटून संपले. ज्याला कोणी कवडी देत नव्हते, ते आता विकत घ्यायची वेळ आली. गावाबाहेरची पडीक जमीन शहर वाढल्यावर सोन्याची होते, तसाच हा प्रकार. आणि जमीन सोन्याची झाली की पहिला प्रश्न उभा राहतो, सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

वही कोणी लिहिली?

आकडे माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नावापुढे आकडा लिहिलेली यादी लागते, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. इंटरनेटच्या आधी जे संगणकांचे जाळे होते, त्याची अशी यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एका कचेरीत ठेवली जाई. १९७२ ते १९८९ या काळात एलिझाबेथ फाइनलर या बाई त्या कचेरीच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडला की कचेरीला कळवायचे. मग तेथे यादीत एक ओळ वाढायची आणि बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. आकड्यांच्या वाटपाचा हिशेब जॉन पोस्टेल हे गृहस्थ ठेवत. ते १९९८ साली वारले. इंटरनेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोट्यधीश येतात. पण ते उभे राहिले ते रजिस्टर चोख ठेवणाऱ्या अशा माणसांच्या खांद्यावर. कारकुनीला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

संगणक वाढले तशी एका कचेरीला यादी झेपेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यादीची वाटणी करणारी पद्धत तयार केली. तिला ‘डीएनएस’ म्हणतात. ज्याने त्याने आपापल्या वस्तीची यादी सांभाळायची. हॅम मंडळींच्या वाट्याला ‘एएमपीआर डॉट ओआरजी’ हे जणू आडनाव आले. आधी कॉलसाइन, मग हे आडनाव आणि त्यापुढे ४४ चा आकडा, अशी एकेकाची एक ओळ. देशोदेशी स्वयंसेवक समन्वयक होते. ते आपल्या भागातील हॅमना पत्ते देत आणि मध्यवर्ती यादीत नोंद लावून घेत. ही मध्यवर्ती व्यवस्था सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रायन कँटर या हॅमने कित्येक वर्षे सांभाळली.

या यादीला आणखी एक महत्त्व होते. इंटरनेटवरून ४४ च्या वस्तीत शिरण्याचा मोठा नाका त्याच विद्यापीठातील एका संगणकावर होता. नाक्यावर नियम असा ठेवलेला होता, की ज्या पत्त्याची यादीत नोंद आहे त्याच पत्त्याचे पाकीट आत सोडायचे. नोंद नसेल तर पाकीट तेथेच टाकून द्यायचे. म्हणजे ही नुसती शोभेची डिरेक्टरी नव्हती. ओळ असली तर दार उघडे, ओळ गेली तर दार बंद!

जुन्या नोंदीने काय बिघडते?

चाळीस वर्षांत अशा यादीचे काय होते, हे सांगायला ज्योतिषी नको. कोणी छंद सोडतो. कोणी गाव बदलतो. कोणाचा संगणक भंगारात जातो. कोणी वारतो. वारलेल्या सोबत्याला हॅम मंडळी ‘सायलेंट की’ म्हणतात. जिची टकटक थांबली ती मोर्सची कळ, असा त्याचा अर्थ. कळ थांबते, पण यादीतली ओळ आपोआप पुसली जात नाही. कोणी कळवले तरच ती पुसली जाते. आणि घरच्या दुःखात ‘बाबांच्या नावचा ४४ चा पत्ता रद्द करा’ असे पत्र कोण लिहिणार?

राहिली जुनी ओळ तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. तर ऐका.

एक, जागा अडून राहते. एकूण वस्ती अफाट असली तरी एका गावाला किंवा एका क्लबला मिळालेला पट्टा लहान असतो, कधी अवघ्या २५६ आकड्यांचा. त्यात निम्मी घरे कुलूपबंद असली तर नव्या पोराला जागा कोठून देणार?

दोन, पत्ता नव्या माणसाला दिला पण जुने नाव खोडायचे राहिले, तर एकाच दारावर दोन पाट्या लागतात. जुन्या सोबत्यासाठी पाठवलेला निरोप परक्याच्या हाती पडतो.

तीन, नावच दुसऱ्याचे होते. अमेरिकेत हॅमच्या परवान्याची मुदत दहा वर्षांची असते. मुदत संपून दोन वर्षे उलटली की तेच कॉलसाइन दुसऱ्या अर्जदाराला मिळू शकते. सरकारदरबारी मालक बदलला, पण रेडिओवाल्यांच्या यादीत त्या नावापुढे जुन्याच माणसाचा आकडा. मग खरा कोण आणि खोटा कोण?

चार, आणि हा सर्वांत वाईट प्रकार. हा धोका इंटरनेटवरच्या कोणत्याही यादीला आहे. एखादे नाव भाड्याने घेतलेल्या संगणकाच्या पत्त्यावर लावलेले असते. भाडे थकते आणि कंपनी तो पत्ता दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. तो दुसरा लबाड निघाला तर भल्या माणसाच्या नावाच्या पाटीखाली फसवणुकीचे दुकान थाटतो. ज्याचे नाव गेले त्याला पत्ताही नसतो.

गप्प आहे म्हणजे गेला असे नव्हे

हे ऐकून एखादा उत्साही तरुण म्हणतो, “त्यात काय एवढे? यादीतल्या प्रत्येक पत्त्याला संगणकावरून हाक मारा. जो ओ देईल तो ठेवा, जो देणार नाही तो खोडा. एका रात्रीत यादी साफ!” अशी हाक मारण्याची सोय संगणकात आहे, तिला ‘पिंग’ म्हणतात.

वाचकहो, घात होतो तो येथेच. रेडिओ स्टेशन म्हणजे चोवीस तास उघडे असलेले दुकान नव्हे. कोणी नोकरी सांभाळून फक्त रविवारी यंत्र लावतो. कोणाचे एरियल वादळात पडलेले असते आणि दुरुस्तीला पैसे नसतात. कोणी अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही अशी व्यवस्था सुरक्षिततेसाठी मुद्दाम करून ठेवलेली असते. काही ठिकाणी तर ४४ चे पत्ते फक्त रेडिओच्या आपसातल्या जाळ्यात चालतात, इंटरनेटला जोडलेलेच नसतात. तेथे बाहेरची हाक पोचणारच कशी? आणि जो ओ देतो तो मूळचाच माणूस कशावरून? आतून आवाज देणारा नवा भाडेकरूही असू शकतो.

मतदार यादी तपासायला माणूस भर दुपारी येतो. बाई कामावर, नवरा पाळीवर, मुले शाळेत, दाराला कुलूप. ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला की मतदानाच्या दिवशी रांगेतून परत फिरावे लागते. संगणकाने मारलेली हाक ही त्या दुपारच्या फेरीसारखीच आहे. तिच्यावरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

पण म्हणून ‘असू द्या, कशाला कोणाचे खोडता’ असे म्हणणाराही यादीचा हितकर्ता नव्हे. ज्या यादीत जिवंत कोण आणि गेलेला कोण हे कळत नाही, तिच्यावर कोणीच विसंबत नाही. मग जिवंत माणसाची खरी नोंदसुद्धा कवडीमोल होते.

साफसफाईची रीत

तर मग करायचे कसे? अशा कामाची पायरी पायरीची रीत आहे आणि ती कोणत्याही कारकुनाला पटेल अशी आहे.

पहिली पायरी, हात लावण्याआधी संपूर्ण यादीची तारीख घालून प्रत काढून ठेवायची. चुकले तर परत येता आले पाहिजे.

दुसरी, ज्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही असे दोष आधी काढायचे. एकच ओळ दोनदा लिहिलेली, आकडा २५५ च्या पुढे गेलेला, कॉलसाइनमध्ये अक्षर चुकलेले. याच वेळी दोन वह्या ताडून पाहायच्या. नावावरून आकडा सांगणारी एक वही असते आणि आकड्यावरून नाव सांगणारी दुसरी. आवक आणि जावक जुळते का पाहतो, तसेच हे. एकीत खोडले आणि दुसरीत राहिले, तर तो घोळ वर्षानुवर्षे निस्तरत नाही.

तिसरी, कॉलसाइनचा परवाना चालू आहे का, हे पाहायचे. अमेरिकेसारख्या काही देशांत सरकारची परवानाधारकांची यादी सर्वांना पाहायला खुली आहे. तेथे हे काम घरबसल्या होते.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी. माणसाला विचारायचे. त्याच्या ई-मेलवर, तो परत आला तर गावच्या क्लबकडे, तेथेही नाही तर जुन्या समन्वयकाकडे. कधीपर्यंत उत्तर हवे, ती तारीख स्पष्ट लिहायची. उत्तर आले नाही तर काय होईल आणि नंतर तक्रार कोठे करायची, हेही लिहायचे. नोटीस म्हणजे धमकी नव्हे. ती समोरच्याला बोलण्याची संधी असते.

पाचवी, मुदत उलटली तरी ओळ एकदम पुसायची नाही. आधी ‘संशयित’ असा शेरा मारून बाजूला ठेवायची. काही महिने कोणी आले नाही तर मग काढायची. काढतानाही केव्हा काढली, कोणी काढली आणि का काढली, हे निराळ्या वहीत टिपून ठेवायचे. रिकामा झालेला आकडाही लगेच दुसऱ्याला द्यायचा नाही. कारण ठिकठिकाणच्या संगणकांनी जुन्या ओळीच्या प्रती काही काळ जवळ ठेवलेल्या असतात, आणि माणसांनी तर आपापल्या यंत्रांत तो आकडा कायमचा लिहून ठेवलेला असतो. तो विसरायला वेळ द्यावा लागतो.

आणि जो वारला त्याची नोंद? तो आकडा मोकळा करावा, पण त्याचे कॉलसाइन जुन्या वहीत जपावे. ज्यांनी हे जाळे विणले त्यांची नावे कचऱ्यात टाकून वही स्वच्छ होत नाही.

रिकामी दिसलेली जागा

आता या सगळ्यात डावावर काय लागलेले असते, ते सांगून संपवतो.

४४ च्या वस्तीतले बहुतेक पत्ते कधी कोणाला दिलेच गेले नव्हते. तरी ते निरुपयोगी नव्हते. ज्या पत्त्यावर कोणीच राहत नाही त्या पत्त्यावर पाकीट आले, तर ते बहुधा चुकीचे किंवा चोराचे असते. सॅन डिएगोचे संशोधक अशी पाकिटे गोळा करून अभ्यास करीत. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाची संगणकाची साथ पसरली. चौदा तासांच्या आत ३ लाख ५९ हजारांहून अधिक संगणक तिने गाठले, हे अशा ओसाड पत्त्यांवर ठेवलेल्या पहाऱ्यातूनच मोजता आले.

२०११ साली या पत्त्यांच्या कारभारासाठी अमेरिकेत ‘अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स’ ही विनानफा संस्था स्थापन झाली. तिच्या कारभारात ब्रायन कँटर स्वतः होते. २०१९ साली या संस्थेने वस्तीचा चौथा हिस्सा, म्हणजे ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते, ॲमेझॉन कंपनीला विकला. दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. जगभरच्या हॅमना हे कळले ते व्यवहार झाल्यावर. मोठा गदारोळ उठला. विकलेल्या भागात जर्मनीतील हॅमसाठी राखलेला पट्टा होता. त्यांना उरलेल्या भागात नवे आकडे घ्यावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कँटर वारले.

संस्थेची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. विकलेला भाग फारसा वापरात नव्हता आणि उरलेले सव्वा कोटी पत्ते हॅमना पुरून उरतील, असे तिचे म्हणणे. आलेल्या पैशातून ती हौशी रेडिओच्या प्रकल्पांना अनुदान देते, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. शिष्यवृत्तीचे मोल आपल्या घरांना सांगायला नको. हा उपयोग चांगलाच आहे.

तरीही विरोध करणाऱ्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. १९८१ साली हे पत्ते साऱ्या हौशी रेडिओसाठी दिलेले होते. मग विकताना साऱ्यांना का विचारले नाही? माझ्यासारख्या रजिस्टरवाल्याला त्यात आणखी एक धडा दिसतो. ज्या वहीत नोंदी जुन्या, धूळ खात पडलेल्या असतात, तिच्याकडे बोट दाखवून ‘येथे कोणी राहतच नाही’ म्हणणे सोपे जाते आणि ‘आम्ही राहतो’ असे सिद्ध करणे अवघड जाते. सामायिक मालमत्ता ज्यांची आहे त्यांनी वही अद्ययावत ठेवली नाही, तर तिचा निर्णय करायला मूठभर माणसे पुरतात. ती माणसे भली असली तरी निर्णय मूठभरांचाच राहतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, आपली मुले आता संगणक शिकली आहेत. बचत गटाची यादी, वाचनालयाची यादी, सोसायटीची सभासद यादी त्यांच्या हाती येते आहे. ‘दोन मिनिटांत साफ करून देतो’ असे एखादा म्हणाला तर त्याचे कौतुक जरूर करा, पण हातही धरा. प्रत काढलीस का? विचारलेस का? मुदत दिलीस का? खोडल्याचे कोठे लिहून ठेवलेस? हे चार प्रश्न त्याला विचारा. आणि तुमचा स्वतःचा पत्ता, फोन बदलला असेल तर कोणी विचारायची वाट न पाहता या आठवड्यातच जाऊन कळवा. वही खरी ठेवणे हे काम एकट्या कारकुनाचे नाही. ज्याचे नाव त्यात आहे, त्याचेही आहे.